ऑडिओसाठी स्वस्तातली मांडणी: पैसे फळीत घालू नका, सांध्यांकडे लक्ष द्या

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: घरी एक टर्नटेबल, एक ॲम्प्लिफायर, सीडी प्लेअर, दोन छोटे स्पीकर आणि साधारण २०० एलपी (मोठ्या रेकॉर्ड) आहेत. तयार ऑडिओ रॅक आवाक्याबाहेर आहे. हाताशी ड्रिल, करवत आणि पान्यांचा संच आहे. अशा वेळी घरच्या घरी कमी खर्चात मांडणी करता येईल का, कोणतं लाकूड घ्यावं, आणि मांडणीमुळे आवाजात खरंच फरक पडतो का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पैसे आणि मेहनत कुठे घालायची हे त्यावरच ठरतं.

ॲम्प्लिफायर आणि सीडी प्लेअरला फळीचं फारसं सोयरसुतक नसतं. फळी सपाट हवी, वजन पेलायला हवं आणि हवा खेळायला जागा हवी, एवढंच. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर साध्या टेबलावरून उचलून महागड्या रॅकवर ठेवला आणि गाणं खुललं, असं मला इतक्या वर्षांत एकदाही ऐकू आलेलं नाही. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर थोडा नाजूक असतो. व्हॉल्व्हच्या आतल्या बारीक जाळ्या हादरल्या की तो हादरा आवाज होऊन बाहेर येतो. पण खरा हळवा जीव आहे टर्नटेबल. सुई म्हणजे हादरे टिपण्यासाठीच बनवलेली वस्तू. रेकॉर्डच्या खाचेतली मायक्रॉनभर हालचाल ती पकडते आणि तिची वीज करते. ती हालचाल गायकाच्या तानेची आहे की तुमच्या टाचेची, हे सुईला कळायला मार्ग नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला हा की सगळ्या उपकरणांसाठी एकाच तोलामोलाचा रॅक करायचा विचार सोडा. बाकीच्यांना साधी, पक्की आणि उघडी मांडणी पुरते. जी काळजी घ्यायची ती टर्नटेबलच्या जागेची घ्या.

आता वजनं. टर्नटेबल साधारण ५ ते १२ किलो, ॲम्प्लिफायर ७ ते १५, सीडी प्लेअर ४ ते ६. हे सगळं मिळून फार होत नाही. पण एलपी! एक एलपी कव्हरसकट पाव किलोच्या आसपास भरते, म्हणजे तुमच्या २०० एलपी जवळजवळ ५० किलो झाल्या. तुमच्या घरातलं सर्वांत जड ऑडिओ सामान म्हणजे तो कागद आणि ते प्लास्टिक आहे, ॲम्प्लिफायर नव्हे. मी पहिल्यांदा मांडणी केली तेव्हा हे ध्यानातच घेतलं नव्हतं. १२ मिमीचं पार्टिकल बोर्ड, मीटरभर लांब फळी, मधे आधार नाही, आणि त्यावर एका ओळीत रेकॉर्ड. पहिल्या दिवशी सरळ दिसणारी फळी सहा महिन्यांत पोटात इतकी वाकली की मधल्या रेकॉर्ड कडेच्यांपेक्षा बोटभर खाली गेल्या, आणि दोन्ही बाजूंच्या रेकॉर्ड मधल्यांवर रेलून राहिल्या. त्यातल्या काही तिरक्या राहून कायमच्या वाकड्या झाल्या. ती फळी मी टाकून दिली, पण त्या रेकॉर्डचं वाईट आजही वाटतं.

त्यामागचा हिशोब समजून घ्या, म्हणजे लाकूड निवडणं सोपं जाईल. दोन टोकांवर टेकलेल्या फळीवर ठरावीक वजन ठेवलं, तर ती किती वाकेल हे टेकूंमधल्या अंतराच्या घनाप्रमाणे वाढतं आणि जाडीच्या घनाप्रमाणे कमी होतं. १८ मिमी जाड आणि ४५० मिमी खोल एमडीएफची (लाकडाचे तंतू रेझिनने दाबून केलेल्या बोर्डाची) फळी घ्या. टेकूंमधलं अंतर ६०० मिमी ठेवा आणि वर २० किलो सारखं पसरा. ती मधे जेमतेम ०.८ मिमी वाकेल. तेच अंतर १२०० केलं की वाकणं आठपट, म्हणजे सात मिमीच्या घरात जातं. फळी १८ ऐवजी १२ मिमीची घेतली, तर वाकणं सव्वातीनपटीहून जास्त वाढतं. शिवाय एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड वजनाखाली महिनोन्‌महिने हळूहळू बसत जातात, त्यामुळे पहिल्या दिवशी दिसतं त्याच्या दुप्पट पुढे होईल असं धरूनच चाला. चांगलं प्लायवूड एमडीएफच्या साधारण दुप्पट ताठ असतं.

यातून निघणारी गोष्ट सोपी आहे. जाड लाकडावर पैसे घालण्याआधी अंतर कमी करा. मधे एक उभी फळी टाकायला जवळजवळ काहीच लागत नाही. आणि अंतर कमी करता येत नसेल, तर पुढच्या कडेखाली ४० मिमी उंचीची आणि १८ मिमी जाडीची लाकडी पट्टी उभी चिकटवा. १८ मिमी एमडीएफचा ताठपणा तेवढ्यानेच दुपटीहून वाढतो. जुन्या सुतारांच्या कपाटांत फळीच्या पुढे जी पट्टी दिसते ती शोभेसाठी लावलेली नसते.

आता मुद्द्याचं. घरी केलेल्या मांडण्या वरून वजन टाकल्यावर क्वचितच मोडतात. त्या डुगडुगतात. वरच्या कोपऱ्याला बोट लावून बाजूला ढकलून बघा. चौकोन तिरका होतो, सोडला की परत येतो. चार काठ्यांचा चौकोन, कोपऱ्यांत एकेक खिळा, याला कितीही जाड फळ्या लावल्या तरी तो हलणारच, कारण चौकोनाला स्वतःचा असा आकार नसतो. त्रिकोणाला असतो. म्हणून मागे एक तिरपी पट्टी मारा, किंवा सहा मिमीची पातळ पाठ गोंद आणि स्क्रू लावून बसवा, किंवा कोपरे इतके घट्ट आवळा की ते फिरूच शकणार नाहीत. या तिन्हींतलं एक तरी केल्याशिवाय मांडणी पक्की होत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बहुतेक रॅकना मी जाडी वाढवली नाही, फक्त पाठ लावली.

तुमच्या हत्यारांचा विचार करता मी उपकरणांसाठी आटे असलेल्या सळयांची मांडणी सुचवेन. यात सुतारकाम जवळजवळ नाहीच. तीन फळ्या, चार सळया आणि नटबोल्टचं सामान. सांधा नट आवळून होतो, त्यामुळे तो चुकला तर सोडवून परत करता येतो. नवख्या माणसाला याहून चांगली सवलत कुठली मिळणार?

मापं देतो. तीन फळ्या, प्रत्येक ६०० बाय ४५० मिमी, १८ मिमी जाडीच्या. एमडीएफ चालेल, प्लायवूड घेतलंत तर उत्तमच. बहुतेक घरगुती उपकरणं ४३ ते ४४ सेंटिमीटर रुंद असतात, तेव्हा दोन्ही बाजूंना हवेपुरती जागा उरते. फळ्या जिथून घ्याल तिथेच यंत्रावर कापून घ्या. हातकरवतीने काटकोन साधायला हात बसलेला लागतो, आणि इथे तीनही फळ्या तंतोतंत एकसारख्या असण्याला महत्त्व आहे. सळई १२ मिमीची. ती बहुधा मीटरच्या लांबीत मिळते. दोन सळया घ्या आणि मधोमध कापा, म्हणजे अर्ध्या मीटरचे चार पाय तयार. साधे नट २४, टोपीनट (एका बाजूने बंद असलेले नट) ८, आणि मोठ्या घेराचे वॉशर २४. प्रत्येकी दोन-चार जास्तच आणा, एखादा नट पलंगाखाली जातोच.

सळई कापण्याआधी एक नट तिच्यावर चढवून कापायच्या जागेच्या पलीकडे नेऊन ठेवा. मग हॅकसॉने कापा, कानशीने टोक घासा आणि तो नट उलटा फिरवत कापलेल्या टोकावरून बाहेर काढा. कापताना चेंबलेले आटे तो बाहेर येता येता सरळ करतो. हे विसरलात, तर पुढचा अर्धा दिवस नट चढत का नाही म्हणून झगडण्यात जाईल.

भोकं पाडताना तीनही फळ्या एकावर एक ठेवा, कडा जुळवा, शिकंज्याने घट्ट धरा आणि एकदमच भोकं पाडा. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंनी ३५ मिमी आत खूण, आधी तीन मिमीचं बारीक भोक, मग १३ मिमीचं. १२ च्या सळईला १३ चं भोक, म्हणजे थोडी चूक झाली तरी सळई अडकत नाही. खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा ठेवा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना शेवटच्या फळीचे टवके उडतात. ड्रिल उभं धरलंय की नाही हे शेजारी गुण्या उभा करून कुणाला तरी बघायला सांगा. आणि भोकं पाडून झाल्यावर, फळ्या सुट्या करण्याआधी, तिन्हींच्या एकाच कोपऱ्यावर पेन्सिलीने फुली मारा. जोडताना तिन्ही फुल्या एकाच सळईवर आल्या पाहिजेत. भोकं जरा तिरकी गेली असली तरी ती सगळी सारखीच तिरकी असतात, म्हणून मांडणी जुळते. एक फळी उलटी फिरवलीत की जुळत नाही.

एमडीएफ कापताना किंवा घासताना तोंडाला मास्क बांधा आणि जमलं तर हे काम घराबाहेर करा. त्याची धूळ पिठासारखी बारीक असते आणि त्यात रेझिन असतं.

जोडणी खालून वर करा. सळईच्या खालच्या टोकाला एक साधा नट आणि त्याखाली टोपीनट, हा झाला पाय. टोपीनट फिरवून उंची जुळवायची आणि वरचा नट त्यावर आवळून ती कायम करायची. जमिनीपासून ४० मिमीवर पहिली फळी: खाली नट, वॉशर, फळी, वॉशर, वर नट. मग २२० मिमी मोकळी जागा आणि दुसरी फळी. मग १८० मिमी आणि तिसरी. सगळ्यांत वर वॉशर आणि टोपीनट. सळईचं टोक वरच्या फळीच्या वर १० ते १२ मिमीच यायला हवं. त्याहून जास्त आलं, तर टोपीनटाची टोपी सळईवर टेकते आणि फळी सैलच राहते. बाहेरून मात्र सगळं आवळल्यासारखं दिसतं. हा दोष शोधायला मला एकदा बराच वेळ लागला होता.

१२ मिमीच्या सळईवर नट एका फेऱ्यात १.७५ मिमी सरकतो. २०० मिमी सरकवायला शंभराहून जास्त फेरे, आणि नट चोवीस. बोटं सोलून घेण्यापेक्षा सळईच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ते ड्रिलमध्ये पकडा (ड्रिलचा जबडा १३ मिमीचा हवा, दहाच्यात ती बसणार नाही), ड्रिल अगदी हळू फिरवा आणि नट पान्यात धरून ठेवा. हातमोजे घालू नका, फिरत्या सळईत ते ओढले जातात.

हाच नट आणि तेच १.७५ मिमी पुढे तुमचे मित्र होतात. फळीवर पाणसळ ठेवा. एका कोपऱ्याचा नट पाव फेरा फिरवा, बुडबुडा सरकतो. आधी वरची फळी दोन्ही दिशांनी पातळीत आणा, कारण तिच्यावर टर्नटेबल बसणार. मग वरचे नट आवळा. आवळताना एक नट पूर्ण घट्ट, मग दुसरा, असं करू नका. समोरासमोरचे कोपरे थोडे थोडे आवळत जा, नाहीतर फळीत पीळ बसतो. शेवटी वरच्या कोपऱ्याला तळहाताने ढकलून बघा. मांडणी अर्ध्या मीटरची बुटकी आहे, चारही कोपरे वरून-खालून आवळलेले आहेत, त्यामुळे ती ठाम उभी राहायला हवी. चुकून हललीच, तर मागच्या दोन सळयांमध्ये पातळ लोखंडी पट्टी तिरपी लावा. हीच मांडणी मीटरभर उंच करायची असेल, तर मात्र तिरपी पट्टी लागेलच असं समजून चला.

कुठे काय ठेवायचं? टर्नटेबल वर, सीडी प्लेअर मधे, ॲम्प्लिफायर खाली. ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकीय क्षेत्र असतं आणि टर्नटेबलचं कार्ट्रिज (सुई बसवलेली छोटी डबी) ते पकडून गुणगुणायला लागतं. दोघांत जितकं अंतर तितकं चांगलं. गुणगुण आली, तर उपकरणं डावी-उजवीकडे सरकवून बघा. कार्ट्रिजच्या नेमका खाली ट्रान्सफॉर्मर येत असेल, तर एवढ्या सरकवण्यानेही फरक पडतो.

ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर आठ-दहा सेंटिमीटर मोकळे सोडा. वर दिलेल्या २२० मिमीत १२० ते १३० मिमी उंचीचा ॲम्प्लिफायर नीट बसतो. तुमचा त्याहून उंच असेल, तर सळई अर्ध्या मीटरहून लांब कापा. पाठ उघडी ठेवा. बंद कपाटात ॲम्प्लिफायर कोंडणं ही मी पाहिलेली सर्वांत महागडी काटकसर. आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने लवकर म्हातारे होतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. व्हॉल्व्हचा किंवा क्लास ए (खूप तापणाऱ्या प्रकारचा) ॲम्प्लिफायर असेल, तर तो सर्वांत वर आणि पूर्ण उघडा हवा. मग टर्नटेबलची सोय वेगळीकडे करा.

फळीची खोली ४५० मिमी घेतली ती तारांसाठी. ॲम्प्लिफायर ३५-३८ सेंटिमीटर खोल असतो आणि मागे तारांच्या पिना पाच-सहा सेंटिमीटर बाहेर येतात. मांडणी भिंतीला भिडवलीत, तर त्या पिना दाबल्या जातात आणि कालांतराने सॉकेट ढिले पडतात. विजेची तार एका मागच्या सळईला बांधून खाली न्या, आवाजाच्या तारा दुसऱ्या सळईवरून. जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोनात ओलांडू द्या.

आता टर्नटेबल. याबद्दल सर्वांत जास्त माल विकला जातो आणि सर्वांत कमी हिशोब केला जातो. पायाखाली मऊ चकत्या लावा, हादरे थांबतील, असं सांगतात. मऊ वस्तू हादरे अडवते हे खरं, पण तिच्या स्वतःच्या डोलण्याच्या वेगाहून बऱ्याच जलद हादऱ्यांनाच. हा वेग मोजायला सोपं गणित आहे. टर्नटेबलच्या वजनाखाली चकती किती मिमी दबते ते बघा, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. जे येईल तितके झोके सेकंदाला, म्हणजेच तितके हर्ट्‌झ. चकती अर्धा मिमी दबली, तर २२ हर्ट्‌झ. याचा अर्थ २२ च्या सुमारे १.४ पट, म्हणजे ३१ हर्ट्‌झच्या खालचं काहीही ती अडवणार नाही, उलट २२ च्या आसपासचा हादरा वाढवून देईल. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज यांचं स्वतःचं डोलणं ८ ते १२ हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतं आणि पावलांचे धक्के त्याहूनही संथ. ८ ते १२ च्या पट्ट्यातले हादरे रोखायचे, तर आधार ५ हर्ट्‌झ किंवा त्याखाली डोलायला हवा, म्हणजे वजनाखाली किमान १० मिमी दबायला हवा. नमद्याची पातळ चकती हे करूच शकत नाही.

करू शकते ती लहान मुलांच्या सायकलची ट्यूब. अगदी थोडी हवा भरायची, वर १८ मिमीची फळी ठेवायची आणि तिच्यावर टर्नटेबल. फळी बोटाने दाबली की होडीसारखी हळू डोलली पाहिजे. टणक लागली तर हवा सोडा. ट्यूबचा हवा भरायचा व्हॉल्व्ह पुढच्या बाजूला ठेवा, कारण दर काही आठवड्यांनी हवा भरावी लागते. टर्नटेबलचं वजन एका बाजूला जास्त असतं, म्हणून फळी पातळीत येईपर्यंत ट्यूबवरची तिची जागा थोडी इकडेतिकडे सरकवा. कमी खर्चातला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. मात्र टर्नटेबलच्या आतच स्प्रिंगांवर टांगलेला सांगाडा असेल, तर ट्यूब वापरू नका. एका स्प्रिंगवर दुसरी स्प्रिंग आली की दोन्ही एकमेकींना झुलवत बसतात. अशा टर्नटेबलला हलकी आणि ताठ फळी द्या.

दगडी लादीचंही लोक विचारतात. ४०० बाय ४५० मिमीची २० मिमी जाड ग्रॅनाइटची लादी जवळजवळ दहा किलो भरते. वजन वाढतं, पण दगड टिचकीला घंटेसारखा वाजतो. घरात पडून असेल तर खाली कॉर्कचा किंवा रबराचा थर घालून वापरा. मुद्दाम विकत आणू नका.

आणि जमीन बघा. काँक्रीटची असेल तर पावलांचा त्रास बहुतेक होतच नाही. लाकडी तक्तपोशी असेल, तर सगळी मांडणीच प्रत्येक पावलाला उड्या मारते. तिथे खरा उपाय म्हणजे टर्नटेबल भिंतीवर घेणं. दोन लोखंडी ब्रॅकेट, फळीच्या खोलीच्या निदान दोन-तृतीयांश लांबीचे, पक्क्या भिंतीत प्लग ठोकून स्क्रूने बसवलेले, आणि वर एक फळी. भिंत पोकळ असेल तर आतला उभा आधार शोधून त्यातच स्क्रू जायला हवा. ही मांडणी मला सर्वांत आवडते. दोन ब्रॅकेट आणि एक फळी, आणि वर्षानुवर्षं सुई उडत नाही.

मांडणी झाल्यावर एक परीक्षा करा. मोटर बंद ठेवा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा आणि आवाज नेहमी ऐकता तितकाच करा. आता बोटाच्या पेराने फळीवर टकटक करा. स्पीकरमधून ती टकटक ऐकू येईल, 'धप्प' अशी. खालच्या फळीवर करा, सळईवर करा, मग खोलीतून चालत जा. प्रत्येक वेळी कान स्पीकरकडे. कुठल्या वाटेने हादरा येतोय हे पाच मिनिटांत कळतं. ट्यूब घातल्यावर हीच परीक्षा परत करा आणि फरक स्वतः ऐका. माझ्या शब्दावर विसंबायची गरज नाही. मग आवाज हळूहळू वाढवा. खालच्या सुरात घुमणं सुरू होऊन वाढत गेलं, तर लगेच कमी करा. स्पीकरचा आवाज सुईपर्यंत पोचून पुन्हा स्पीकरकडे जातोय असा त्याचा अर्थ.

म्हणूनच स्पीकर या मांडणीवर ठेवायचे नाहीत, कितीही जागा उरली तरी. त्यांना वेगळे स्टँड किंवा वेगळी फळी द्या. बसल्यावर तुमचा कान जिथे येतो, बहुधा जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटर, तिथे वरचा छोटा स्पीकर यायला हवा. स्पीकरच्या पाठीला भोक असेल तर मागे वीतभर जागा सोडा, नाहीतर खर्ज फुगतो.

रेकॉर्डसाठी वेगळी बुटकी पेटी करा. कव्हर साधारण ३१५ मिमी चौरस असतं, तेव्हा आतली उंची ३३५ आणि खोली ३३० ठेवा. ३७० मिमी रुंदीचे दोन कप्पे आणि मधे उभी फळी. प्रत्येक कप्प्यात शंभरेक एलपी बसतात. १८ मिमी प्लायवूड, बाजूंमधून ५० मिमीचे स्क्रू, त्याआधी ३ मिमीचं भोक न चुकता, नाहीतर प्लायच्या कडेचे थर उकलतात. मागे सहा मिमीची पाठ गोंद लावून आणि स्क्रू मारून बसवा. ती लावण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले की पेटी काटकोनात आहे. खाली ६० मिमीची पट्टी देऊन पेटी जमिनीपासून उचला. रेकॉर्ड सरळ उभ्या राहायला हव्यात, इतक्या गच्चही नकोत की एक काढताना दोन ओढल्या जातील. कप्पा अर्धा रिकामा असेल, तर लाकडाचा एक ठोकळा आधाराला ठेवा, पण कलंडू देऊ नका.

रंगाबद्दल एकच सांगतो. एमडीएफच्या कापलेल्या कडा स्पंजासारखा रंग पितात. पांढऱ्या गोंदात पाणी मिसळून कडांवर एक हात द्या, वाळल्यावर पॉलिशपेपरने घासा आणि मग रंग लावा. रंग पूर्ण वाळून कडक होईपर्यंत वर काही ठेवू नका. उपकरणांचे रबरी पाय ओलसर पॉलिशला चिकटतात आणि काढताना पापुद्रा घेऊन येतात. नंतरही रबराचे काळे डाग उमटू शकतात, त्यामुळे मी पायांखाली कॉर्कचे पातळ तुकडे ठेवतो.

घरात लहान मुलं असतील, तर भिंतीवरच्या फळीचे स्क्रू दर काही महिन्यांनी हाताने तपासा, आणि कुठलीही उंच मांडणी मागून पट्टीने भिंतीला बांधा.

सळयांच्या मांडणीचे नट महिन्याभराने परत एकदा आवळा. वॉशरखालचं एमडीएफ दबून बसतं, आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेला नट पाव फेरा तरी फिरतोच. त्यानंतर पाणसळ पुन्हा लावा, कारण त्या पाव फेऱ्याने वरची फळी थोडी सरकलेली असते.